गावाने मिळून सांभाळलेलं कुरण, तळं, जंगल खरंच टिकतं का? की शेवटी सगळे ओरबाडतातच?

तुमची शंका अशी की सामायिक गोष्ट गावाच्या हाती दिली तर जो तो आपली पोळी भाजून घेणार, तेव्हा एकतर सरकारने ताबा घ्यावा नाहीतर वाटण्या करून मोकळं व्हावं. शंका रास्त आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

हा युक्तिवाद गाजला तो १९६८ साली, गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाच्या लेखामुळे. त्याने कल्पिलेल्या सामायिक कुरणावर जो तो एकेक जनावर वाढवत जातो आणि कुरण संपतं. गंमत अशी की त्याचे गुराखी एकमेकांशी बोलतच नाहीत. असं गाव मी तरी पाहिलेलं नाही. कोणाची म्हैस कुठे चरते, कोणाचं दार रात्री उघडं राहतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. पुढे हार्डिननेच कबूल केलं की आपलं म्हणणं व्यवस्था नसलेल्या सामायिक मालमत्तेला लागू होतं. आणि व्यवस्था असलेल्या जागी काय घडतं, याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्यांनी मांडलेलं एक उदाहरण मला फार आवडतं. स्वित्झर्लंडच्या डोंगरात टॉर्बेल नावाचं गाव आहे. तिथला १५१७ सालचा नियम: हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात वरच्या सामायिक कुरणावर सोडायच्या. बघा हं, यात कुरणात गवत किती हे मोजायची भानगडच नाही. तुमच्याकडे वाळलेला चारा किती साठलाय, हे शेजाऱ्याला दिसतंच. गाई विकत आणायच्या, फुकटात चारायच्या आणि विकून टाकायच्या, हा धंदा जागच्या जागी बंद. शिवाय जास्त गाई सोडणाऱ्याकडून दंड वसूल करणाऱ्या माणसाला त्यातला निम्मा दंड मिळायचा, म्हणजे डोळेझाक करण्यात त्याचंच नुकसान!

म्हणून ‘गावात एकी हवी’ हे ऐकलं की मला कंटाळा येतो. एकी असेल तर बरंच, पण तिच्यावर विसंबून राहता येत नाही. मी काही वर्षं एका पाणीवापर संस्थेचं दप्तर सांभाळलं. सुरुवातीला पाणीचोरीला आम्ही जबर दंड ठेवला होता. परिणाम असा की दंड कोणी लावायचाच नाही. एवढी रक्कम भाऊबंदाकडून मागायची कशी? पावतीपुस्तक कोरंच राहिलं. मग पहिल्या चुकीला किरकोळ, दुसऱ्या चुकीला त्याहून जास्त, असं केलं आणि पावत्या फाटू लागल्या. लोक हसत हसत भरायचे, पण भरायचे. पुढे कळलं की टिकलेल्या बहुतेक व्यवस्थांत दंड असाच पायरीपायरीने चढत जातो.

भांडण मिटवायची जागाही जवळ हवी. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियात कालव्याच्या पाण्याचे तंटे दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी उघड्यावर चालतात. निवाडा करणारे स्वतः शेतकरी, कामकाज तोंडी. ही प्रथा शेकडो वर्षांची आहे. तारखेवर तारीख असती, तर तंटा मिटेपर्यंत पीक वाळून गेलं असतं.

टंचाईत झळ कोणाला, हा खरा कस. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत बंधाऱ्यावरचं शिवार फडांत विभागलेलं असतं, एका फडात एकच पीक. पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे, हे आधीच ठरतं. पाटाच्या तोंडाशी असलेल्याचं भिजलं आणि शेपटाकडच्याचं वाळलं, ही नेहमीची रड त्यामुळे बरीच कमी होते.

सरकारी ताब्याबद्दल म्हणाल तर नेपाळकडे बघा. तिथे १९५७ मध्ये जंगलांचं राष्ट्रीयीकरण झालं. जे आपलं होतं ते सरकारचं झाल्यावर राखणार कोण? जंगलं उजाड होत गेली. १९९३ च्या वन कायद्याने वापरकर्त्या गटांना कायदेशीर हक्क मिळाले, आणि मधल्या टेकड्यांवर बऱ्याच ठिकाणी झाडी परतली. मात्र सरकार नकोच, असं मी म्हणत नाही. बाहेरचा ठेकेदार ट्रक घेऊन आला तर गावाच्या हातात कागद लागतो, आणि तो सरकारच देऊ शकतं.

गावाच्या हाती दिलं की न्याय होतोच, असंही नाही. समितीत तीच चार घरं, बैठकीची वेळ बायका सरपणाला गेल्यावरची, आणि मग ठराव काय होतो? सरपण बंद! ज्यांची चूल त्यावर पेटते त्यांना विचारलेलंच नसतं. असा नियम रात्री मोडला जातो, आणि मला त्यात नवल वाटत नाही.

सगळ्यात अवघड भूजल. गाय दिसते, ट्रक दिसतो. बोअरवेल खालून किती ओढतेय ते दिसत नाही. तिथे नियमांना हात घालण्याआधी दोन-तीन वर्षं नुसती मोजणी करावी. दर महिन्याला ठरावीक विहिरींत दोरी सोडायची आणि पाणी किती हात खाली गेलं ते चावडीच्या भिंतीवर लिहायचं, विहिरीच्या मालकाच्या नावासकट. नावावरून भांडण होईल. होऊ द्या, आकडे सगळे वाचतील.