लिस्बनला ये, पण आधी कागद

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मँचेस्टरचं ते ढगाळ आभाळ, हिवाळ्यात दुपारी चारला होणारा अंधार, आणि लिस्बनला चार दिवस मैत्रिणीकडे राहून आल्यापासून मनात घर करून बसलेलं ऊन. तुला जे वाटतंय ते खरंच आहे. लिस्बनमध्ये वर्षभरात मँचेस्टरच्या जवळपास दुप्पट ऊन पडतं, आणि त्याने माणसाचा चेहरा कसा खुलतो हे मी इथे रोज बघते. तेव्हा ये, जरूर ये. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, 'आधी टूरिस्ट व्हिसावर जाते, पुढचं तिथे गेल्यावर बघू.' ते वाचून मला राहवेना.

हा रस्ता आता बंद झालाय. पूर्वी इथे एक सोय होती. टूरिस्ट म्हणून यायचं, नोकरी धरायची, सोशल सिक्युरिटीत पैसे भरायचे आणि इथूनच रहिवासासाठी अर्ज करायचा. त्या वाटेने आलेले आपले कितीतरी लोक आज इथे रीतसर राहतात. पण ३ जून २०२४ ला सरकारने ती सोय रद्द केली. जुने लोक तुला अजूनही तोच सल्ला देतील. ते खोटं बोलत नाहीत, त्यांच्या वेळी तसंच होतं. तू मात्र ऐकू नकोस.

तू लंडनच्या कंपनीसाठी घरून काम करतेस, म्हणून तुझ्यासाठी डी-८ हा व्हिसा आहे. परदेशातल्या कंपनीचं काम पोर्तुगालमध्ये बसून करणाऱ्यांसाठी तो २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. अट अशी, की तुझं उत्पन्न इथल्या किमान वेतनाच्या चौपट हवं. २०२५ मध्ये किमान वेतन महिना ८७० युरो होतं, म्हणजे ३,४८० युरो. किमान वेतन दर जानेवारीत वाढतं, तेव्हा अर्ज करशील त्या वर्षीचा आकडा बघ. तुझा पगार त्यात बसेल असं वाटतं.

अर्ज मँचेस्टरहूनच करायचा, आणि तुझा ब्रिटनचा व्हिसा चालू असताना करायचा. आधी नोकरी सोडून, घर रिकामं करून मग अर्जाला लागणारे लोक मी पाहिलेत. ते मधल्यामध्ये अडकतात. तुमची बायोमेट्रिक कार्डं २०२४ अखेर संपली, त्यामुळे ब्रिटनमधला तुझा रहिवास आता ई-व्हिसावरच दाखवावा लागेल. त्या खात्यात पासपोर्ट नंबर बरोबर आहे ना, आजच बघ. ब्रिटनच्या पोलिसांचा ॲक्रोचा दाखला आणि भारताचा पोलीस क्लिअरन्स, दोन्ही काढायला टाक. हे दाखले फार जुने झालेले चालत नाहीत, म्हणून अपॉइंटमेंटची तारीख मागेपुढे धरून काढ.

कंपनीचं पत्र हा सगळ्यात नाजूक कागद. मॅनेजर मीटिंगमध्ये 'हो, काही हरकत नाही' म्हणाला, याला काडीचा अर्थ नाही. तू पोर्तुगालमधून काम करू शकतेस, असं लेटरहेडवर, सहीनिशी हवं. आणि तुझा ब्रिटनचा व्हिसा याच कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर आहे, त्यामुळे तू देश सोडलास की त्यांनाही तिथल्या गृहखात्याला कळवावं लागतं. एचआरशी हे मोकळेपणाने बोल. लपवून लॅपटॉप उचलून येण्यासारखं हे काम नाही.

आणखी एक, जे तुझ्या पत्रात कुठेच नव्हतं. ब्रिटनमध्ये तुझी तीन वर्षं झाली. तिथे कायमच्या वास्तव्यासाठी पाच लागतात, आणि ती मुदत सरसकट दहा करायचा प्रस्ताव २०२५ च्या मे महिन्यात तिथल्या सरकारने मांडलाय. इथे आलीस की ती तीन वर्षं पाण्यात जातील. नंतर हळहळ नको. कागदावर दोन्ही देश समोरासमोर मांड, घरच्यांशी बोल आणि मग ठरव. तू इकडचं ठरवलंस तर मला आनंदच आहे, पण डोळे उघडे ठेवून ठरव.

आता नाव. तुझ्या पासपोर्टवर पहिल्या रकान्यात तुझं आणि बाबांचं नाव आहे, दुसऱ्यात आडनाव. बँकेच्या स्टेटमेंटवर बाबांचं नाव गळलंय, कंपनीच्या पत्रात फक्त आद्याक्षर. भारतात हे चालून जातं. इथे खिडकीपलीकडची बाई पासपोर्ट हातात घेऊन अक्षर न् अक्षर ताडून बघते. म्हणून बँकेला, कंपनीला, विम्याला आत्ताच सांग की नाव पासपोर्टप्रमाणे पूर्ण हवं. तुझा निफ, म्हणजे इथला नऊ आकडी कर-क्रमांक, काढताना तर जास्तच जप. तो पुढे भाड्याच्या करारापासून विजेच्या बिलापर्यंत सगळीकडे लागतो, आणि त्यावर चूक झाली तर तीच चूक सगळीकडे उमटत जाते.

पत्त्याबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण इथे राहायला आलेल्या लोकांचं घोडं बहुतेक इथेच अडतं.

तू घर घेशील ते भाड्याने. इथले काही घरमालक करार कर खात्याकडे नोंदवत नाहीत, कारण नोंदवला की एका महिन्याच्या भाड्याच्या दहा टक्के मुद्रांक शुल्क आणि वर उत्पन्नावर कर. ते तुला म्हणतील, 'भाडं पन्नास युरो कमी करतो, रोख दे.' नाही म्हण. नोंद नसलेला करार तुझ्या रहिवासाच्या फाईलला जवळपास निरुपयोगी असतो. करार खरंच नोंदवलाय का, हे तुला स्वतःला बघता येतं. फिनान्सश, म्हणजे कर खातं, त्याच्या पोर्टलवर आपल्या निफने लॉगिन केलं की भाडेकरार दिसतात. तिथे तुझं नाव दिसलं की निर्धास्त हो. दर महिन्याची भाड्याची पावतीही त्याच पोर्टलवरून निघते, ती जपून ठेव.

पण लॉगिनला पासवर्ड लागतो, आणि पहिला पासवर्ड टपालाने, कागदी पाकिटातून, कर खात्याकडे नोंदवलेल्या पत्त्यावर येतो. येण्याआधी एखाद्या वकिलामार्फत निफ काढलास तर ते पाकीट त्याच्या ऑफिसात जाऊन पडेल. तेव्हा राहायला आलीस की कर खात्यातला पत्ता बदलून घे. त्यासाठी साठ दिवसांची मुदत आहे, पण पहिल्याच आठवड्यात कर.

मग झुंता. झुंता द फ्रेगझिया म्हणजे वॉर्ड ऑफिस समज. तिथून रहिवासाचा दाखला मिळतो. कुठे भाडेकरार दाखवून काम होतं, कुठे त्याच वॉर्डात मतदार असलेले दोन साक्षीदार लागतात, जे सांगतील की ही मुलगी इथे राहते. शेजाऱ्यांशी ओळख करून घे म्हणून मी आग्रह करते, त्याचं एक कारण हेही आहे. खालच्या कॅफेतली मालकीण, समोरच्या दारातले आजोबा, हे लोक आनंदाने येतात. साक्षीदार विकत मिळतात असंही तुला कुणीतरी सांगेल. पत्तेसुद्धा विकत मिळतात. एकेका पत्त्यावर शेकडो माणसं नोंदवलेली प्रकरणं इथल्या वर्तमानपत्रांत गाजली आहेत, आणि त्यात भरडले गेले ते पैसे मोजून कागद घेणारे गरीब लोक. त्या वाटेला जाऊ नकोस. तू जिथे झोपतेस तोच पत्ता प्रत्येक कागदावर असू दे.

घर निवडताना एक सांगते. एकदा जानेवारीत येऊन बघ. इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला पाऊस असतो आणि बऱ्याच जुन्या घरांना हीटिंग नसतं. बाहेर छान ऊन आणि आत हातपाय गार, कपाटामागे बुरशी, गादीला ओलसर वास. कपाट सरकवून भिंत बघ. खिडक्या दक्षिणेला आहेत का ते बघ. उन्हासाठी येऊन उत्तरेकडच्या तळमजल्यात राहायला लागलीस तर मँचेस्टर बरं वाटेल.

व्हिसा साधारण चार महिन्यांचा मिळतो, दोनदा प्रवेशाचा. त्या काळात आयमा या इथल्या स्थलांतर खात्याकडे बोटांचे ठसे आणि कागद द्यायचे, मग रहिवासाचं कार्ड येतं. पहिलं दोन वर्षांचं, नंतरचं तीन वर्षांचं. आयमा २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालं आणि जुन्या खात्याकडून त्याच्याकडे सुमारे चार लाख प्रलंबित प्रकरणं आली. बरीच निपटली आहेत, तरी उशीर होतो. त्या काळात प्रत्येक ईमेल, प्रत्येक पोचपावती तारखेसकट एका फोल्डरमध्ये ठेव. व्हिसा संपलाय आणि कार्ड आलेलं नाही, अशा वेळी मात्र विमानात बसू नकोस. कुणाचं लग्न असलं तरी.

कार्ड आल्यावरही गैरहजेरीची मर्यादा आहे. कार्डाच्या मुदतीत सलग सहा महिने किंवा तुकड्या-तुकड्यांनी मिळून आठ महिने बाहेर राहिलीस तर ते रद्द होऊ शकतं. तुझ्या बाबांची तब्येत मला माहीत आहे. कधी जास्त थांबायची वेळ आली तर थांब, पण आयमाला कारण लेखी कळव आणि हॉस्पिटलचे कागद जोड. आजारपणासारख्या सबळ कारणाला कायद्यात जागा आहे.

कराचं थोडक्यात. वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलीस की तू इथली करदाती, आणि जगभरातलं उत्पन्न दाखवायचं, पुण्यातल्या एफडीचं व्याजसुद्धा. भारत आणि पोर्तुगालमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळे घाबरू नकोस. विवरणपत्र एप्रिल ते जूनमध्ये भरतात. एनएचआर नावाची जुनी करसवलत कुणी अजून विकायला आलं तर त्याला वाटेला लाव. नव्याने येणाऱ्यांसाठी ती २०२४ पासून बंद झाली.

भाषा पहिल्या महिन्यापासून शीक. पाच वर्षांनी कायमचा रहिवास मागशील तेव्हा ए-२, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरत्या पातळीची पोर्तुगीज लागेल. सरकारी शाळांमध्ये परदेशी लोकांसाठी फुकट वर्ग चालतात, आणि तिथलं प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. पण खरं सांगू? दवाखान्यात स्वतःचं दुखणं स्वतः सांगता येणं ही गोष्ट कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठी आहे. इथली माणसं मायाळू आहेत, मोडकंतोडकं बोललेलंही गोड मानून घेतात.

पासपोर्टचा हिशोब मनात धरून येऊ नकोस. २०२५ च्या ऑक्टोबरात इथल्या संसदेने आपल्यासारख्यांसाठी नागरिकत्वाची मुदत पाचवरून दहा वर्षं करणारा कायदा संमत केला, डिसेंबरात घटना न्यायालयाने त्यातली काही कलमं अडवली. अशा हलत्या जमिनीवर आयुष्याचा आराखडा आखायचा नसतो. तुला इथे राहायला आवडणार असेल तर ये.

आणि हो, तुझी आजी पेडण्याची ना? १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढीला पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करून घेता येते. तो मार्ग पूर्ण वेगळा आहे, आणि ते नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं. तुझ्या आईला आणि आजीला विचारल्याशिवाय त्याचा विचारही करू नकोस. पण आजीच्या जन्माची गोव्यातली नोंद मात्र काढून ठेव.

पासपोर्टची पानं, कंपनीच्या पत्राचा मसुदा आणि शेवटच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट मला स्कॅन करून पाठव. येत्या रविवारी फोनवर बसू आणि नावं ताडून बघू. जानेवारीत आमच्याकडेच उतर, अल्मादाहून बोटीने लिस्बन दहा मिनिटांवर आहे. कुठल्याही करारावर सही करायच्या आधी तो मला दाखव.

तुझी,
मावशी