घरच्या घरी भोंडला

प्रश्न : आमची मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा आहे. नवरात्रात दोघांनाही आवडेल आणि ज्यात पूजाही असेल, असे घरी काय करता येईल?

उत्तर : आपण भोंडला अवश्य करावा. सूर्य हस्त नक्षत्रात गेल्यापासून काही घरांत 16 दिवस हादगा, म्हणजेच भोंडला, खेळतात आणि रोज एक गाणे वाढवत नेतात. आपल्याला मात्र नवरात्रातील एखादी संध्याकाळही पुरेल. पाटावर रांगोळीने किंवा धान्याने हत्ती काढण्याचे काम पूर्णपणे मुलांवर सोपवावे, मग तो वेडावाकडा झाला तरी चालेल. त्याला हळदकुंकू व फुले वाहून, शेजारच्या मुलांसह पाटाभोवती फेर धरावा आणि गणपतीच्या गाण्याने आरंभ करावा. पुढची गाणी बहुतेक सासर-माहेरची असल्याने मुले अर्थ विचारतील, तेव्हा तो आजीने सांगितल्यास उत्तमच. मुलांचा खरा जीव खिरापतीत असतो, कारण झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखल्याशिवाय ती मिळत नाही. म्हणून पदार्थ सहज न ओळखता येणारा निवडावा आणि ते गुपित आपल्या मुलांपासूनही राखावे. खेळ परंपरेने मुलींचा असला, तरी मुलालाही फेरात घ्यावे, असा माझा आग्रह आहे.