वडील १९७१ च्या युद्धात होते, पण घरी त्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत. त्यांना कसं विचारावं?

माझे वडीलही, म्हणजे आमचे आबा, एकाहत्तरला होते. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. २०२२ च्या जानेवारीत ते गेले. लढाईबद्दल त्यांच्या तोंडून मी आयुष्यात एकदाच ऐकलं, आणि त्या दिवशी मी लढाईबद्दल विचारलंच नव्हतं. ते कसं घडलं तेवढं सांगते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. घरटी एक माणूस पलटणीत नाहीतर मुंबईत, ही आमच्याकडची रीत. आबांनी दोन्ही केलं. १९६६ ला अठराव्या वर्षी बेळगावला भरती झाले आणि पंधरा वर्षांनी नायक म्हणून पेन्शनीवर आले. पेन्शन एवढीशी, जमीन कोरडवाहू, आम्ही तीन पोरं. मग लालबागला गावकीच्या गाळ्यात वळकटी टाकली आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम. वर्ष व्हायच्या आत १८ जानेवारी १९८२ चा संप लागला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आबाही. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही, हे आज सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा मात्र दर पंधरवड्याला वाटायचं, आता मिटेल.

त्यानंतर घाटकोपरला एका कारखान्यावर रात्रपाळीचे वॉचमन. बावीस वर्षं. आम्हाला तिकडेच दहा बाय दहाच्या खोलीत आणलं. कारखाना बंद झाला तेव्हा ग्रॅच्युइटीसाठी त्यांनी चार वर्षं हेलपाटे घातले. प्रत्येक वेळी इस्त्रीचा शर्ट घालून, कागदांची पिशवी छातीशी धरून जायचे. शेवटी निम्मेच पैसे हातात आले. मला त्याचा राग अजून आहे. त्यांनी कधी बोलून दाखवला नाही.

पण आबा म्हटलं की मला आधी आठवतो तो आमच्या खोलीचा उंबरा. आमची शाळा दुपारची. संध्याकाळी आम्ही घरी यायचो आणि आबा ड्युटीला निघायच्या तयारीत असायचे. पावसाळ्यात वस्तीत पोटरीभर पाणी. "पाय दाखव," म्हणायचे. उंबऱ्यावर बसवून आमचा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घ्यायचे आणि जुन्या धोतराच्या फडक्याने एकेक बेचकी पुसायचे, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. मग खोबरेल तेलात विरघळवलेला कापूर बोटांमध्ये लावायचे. तिघांचे सहा पाय झाल्याशिवाय माणूस डबा उचलायचा नाही. वस्तीतल्या सगळ्या पोरांच्या पायांना चिखल्या व्हायच्या, आमच्या कधी झाल्या नाहीत. एरवी आवाज न चढवणारे आबा ओल्या मोज्यांनी घरात फिरलेलं दिसलं की मात्र असे ओरडायचे की शेजारचे डोकवायचे. आम्हाला वाटायचं, पलटणीतली शिस्त असेल.

लढाईचं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "होतो तिथं. झालं की." एकाहत्तरची दोन मेडलं, 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल', बिस्किटाच्या डब्यात, रेशनकार्डाखाली. भावाने तर एकदा वही-पेन घेऊन, प्रश्न लिहून आणले होते. आबा म्हशीला पाणी दाखवायला म्हणून उठले, ते जेवायलाच आले.

२०१४ च्या दिवाळीत मी त्यांना सकाळी फिरायला जायला साताऱ्याहून कॅनव्हासचे बूट आणले. दोन महिने ते खोक्यातच. मी थोडी चिडूनच विचारलं, "आबा, बूट चावतात का? बदलून आणू?"

ते बराच वेळ खोक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमचे असलेच होते. कापडी."

आणि पुढचा अर्धा तास ते बोलले. ते एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, नंबर दोन होते, म्हणजे नंबर एक गोळीबार करणार आणि यांनी मॅगझिन पुरवायची. नंबर एक कोल्हापूरकडचा, यांच्यापेक्षा एखाद्या वर्षाने मोठा, नुकतंच लग्न झालेला. चिखल, नाले, मग ब्रह्मपुत्रा. बूट दिवसचे दिवस पायातच. नंबर एकचे पाय सडले होते, मोजा काढला की कातडी सोबत यायची. आबा रोज जमेल तेव्हा त्याचे पाय पुसायचे, कोरडं फडकं नसेल तर स्वतःच्या बनियनने. "त्या सांजंला बूट काढायचे नव्हते. हुकूम होता. त्याचे पाय पुसायचे राहिले," आबा म्हणाले. त्या रात्री तो गेला. मग म्हणाले, "चहा टाक."

नंतर मी वाचून काढलं तेव्हा ती रात्र कुठली ते कळलं. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातली, म्हणजे आजच्या बांगलादेशातली, कमालपूरची पाकिस्तानी चौकी ४ डिसेंबरला पडल्यावर पलटण नदी ओलांडून जमालपूरच्या मागे गेली होती आणि शहरातून टांगाइलकडे जाणारा रस्ता अडवून बसली होती. आत पाकिस्तानची ३१ बलूच ही पलटण. शरण या असं आपल्या ब्रिगेडियरने पत्र पाठवलं, आपल्या बाजूने लढणाऱ्या बंगाली मुक्तिवाहिनीतला एक माणूस ते सायकलवरून घेऊन गेला. उत्तर आलं त्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. १० डिसेंबरच्या रात्री बलूच तो वेढा फोडून बाहेर पडायला आले, ते थेट मराठ्यांच्या मोर्चांवर. पहाटेपर्यंत चाललं. ११ तारखेला जमालपूर पडलं. पुस्तकांत तो मोठा विजय आहे, आणि आहेच. आबांकडे त्या रात्रीचं एवढंच उरलं होतं, की एका माणसाचे पाय ओले राहिले.

आमच्या सहा पायांचा हिशोब मला तेव्हा लागला. मी चाळीस वर्षांची होते.

म्हणून तुम्हाला सांगते, "लढाई कशी होती" असं विचारू नका. तो प्रश्न त्यांना फार मोठा पडतो, कुठून धरावा कळत नाही. मेडलं पुढ्यात मांडू नका, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून बसू नका, निदान पहिल्या वेळी तरी. त्यांचं डिस्चार्ज बुक घरात असेल तर आधी तुम्ही स्वतः नीट वाचा. पलटण, भरतीची तारीख, मेडलं असं त्यात सापडेल, आणि पलटण कुठे लढली हे माहीत असलं की त्यांच्या तुटक बोलण्याचा अर्थ लागतो. मग अगदी हाताला लागणारी गोष्ट विचारा. लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, काय मिळायचं, पाठीवर काय काय असायचं, शेजारी कोण झोपायचं. आणि ते थांबले की तुम्हीही थांबा. मी त्या दिवशी चहा टाकला. नंबर एकचं नाव विचारायचं धाडस पुढच्या सात वर्षांत झालं नाही, आणि आता सांगायला कुणी नाही.

तुमचे वडील आहेत. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, तेव्हा पायात काय होतं.