दत्तक न घेता लेकराची जबाबदारी घ्यायची असेल तर

भाऊ, बायकोच्या पहिल्या लग्नाच्या पोरीचा पालक व्हायला बाँड पुरेल का, असं विचारता; आधी तो स्टँप पेपरवरचा बाँड बाजूला ठेवा. मीही चौदा वर्षांपूर्वी तहसीलसमोरच्या टपरीवर असाच बाँड टाईप करून घेतला होता, 'आजपासून मी या मुलाचा पालक'. शाळेत क्लार्कने तो उलटापालटा करून बघितला अन् म्हणाला, आईला घेऊन या.

बरोबरच होतं त्याचं. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात, कलम 6 मध्ये, 'वडील' या शब्दात सावत्र वडील धरलेले नाहीत. पोरीचे वडील वारलेत म्हणता, म्हणजे नैसर्गिक पालक तुमची बायको. तिच्या सहीवर बहुतेक कामं भागतात.

खरा घोर ती नसली तर काय, याचा. म्हणून तिच्याकडून मृत्युपत्र करून घ्या, त्यात पालक म्हणून तुमचं नाव, दोन साक्षीदार. मृत्युपत्राने पालक नेमायची सोय त्याच कायद्याच्या कलम 9 मध्ये आहे. दुसरी वाट 1890 च्या पालक व पाल्य कायद्याची: पोरगी राहते तिथल्या जिल्हा किंवा कुटुंब न्यायालयात अर्ज. आजी-आजोबांना नोटीस जाईल, ते अडून बसू शकतात. आधी जाऊन त्यांच्यासोबत चहा घ्या.

सातबाऱ्यावर पोरीच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' (अज्ञान पालन कर्ता, म्हणजे पोरगी सज्ञान होईपर्यंत तिच्या वतीने बघणारी) असेल, तर त्या जमिनीला हात लावू नका. विकायला आईलासुद्धा कोर्टाची परवानगी लागते.

अन् तुमचं स्वतःचं मृत्युपत्रही करा. सावत्र लेक तुमची आपोआप वारस होत नाही.