खापरपणजोबांचा माग

प्रश्न : खापरपणजोबांचे नाव रामजी आणि गाव पिंपळगाव, एवढेच ठाऊक आहे. सुरुवात कुठून करू?

पिंपळगावे महाराष्ट्रात ढिगाने आहेत, म्हणून आधी तालुका पक्का करा. घरातल्या सगळ्यात थकलेल्या आत्याला गाठा आणि कुलदैवत कोणते, जत्रेला कुठे जायचे, जमीन कोणाच्या बांधाला होती, ते विचारा. मग तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात त्या गावचा नमुना १४ मागा. ही जन्म-मृत्यूची नोंदवही. पुष्कळ जण तिला ‘कोतवाल बुक’ म्हणतात. जुनी पाने मोडीत असतात, तेव्हा वाचणारा सोबत न्या.

इथे बहुतेक जण एका जागी फसतात. जन्माची नोंद अनेकदा बारशाआधीच होई, त्यामुळे बाळाचे नाव नसते, बापाचे असते. म्हणून रामजींचा जन्म शोधत बसू नका. रामजी बाप म्हणून कुठे येतात ते पाहा. मृत्यूच्या नोंदीत नाव सापडेल, पण वय अदमासे लिहिलेले असते. ‘साठ’ दिसले तर पंचावन्न ते सत्तर काहीही धरा.

प्रश्न : त्र्यंबकेश्वरच्या वह्यांवर विश्वास ठेवावा का?

ठेवावा, पण सरसकट नाही. तीर्थोपाध्यायांच्या या नामावळी गाव, जात, आडनाव यांनुसार लावलेल्या असतात. त्यामुळे जाताना मूळ गाव सांगा. ‘आम्ही डोंबिवलीचे’ म्हणालात तर हात हलवत परताल. आलेल्या यात्रेकरूने बाप, भाऊ, मुले यांची नावे स्वतः सांगितलेली असतात, कधी खाली त्याची सही असते. एवढा भाग भक्कम. त्याच्या आजोबांच्या पलीकडची नावे त्यानेही ऐकलेलीच. मी ती पेन्सिलीने लिहितो.

प्रश्न : कागदावर ‘माघ शके १७९९’ आहे. म्हणजे १८७७ ना?

नाही, १८७८. शकात ७८ मिळवायचे हे खरे, पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि माघ येतो जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणून तिथे ७९. फसली सन, म्हणजे महसुलाचे वर्ष, असेल तर साधारण ५९० मिळवा. पेशवाईतला कागद निघाला तर सुहूर सन, म्हणजे त्या काळच्या दफ्तरातली वर्षगणना, अरबी शब्दांत भेटेल : ‘इसन्ने सबैन मया व अलफ’, म्हणजे २, ७०, १०० आणि १०००. झाले ११७२. त्यात ५९९ मिळवा : १७७१-७२. हे वर्ष मृगाला सुरू होते.

प्रश्न : आमच्या वंशावळीत एकही बाई नाही.

पंचांगात खोचलेली श्राद्धाची चिठ्ठी बघा. महालयाला, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाला, आई, आजी, पणजी यांचीही नावे घ्यावी लागतात, शिवाय आईच्या वडिलांकडची. नावे सासरची मिळतील. माहेरासाठी पुन्हा आत्याकडेच जावे लागेल.