टोकन देऊ नकोस अजून

फोंडा,
श्रावण

बाय,

काल रात्री तू पाठवलेले सतरा फोटो मी दोनदा बघितले. लाल रंग, काळं लेदर, छत मिटवून उभी केलेली बीएमडब्ल्यू झेड फोर, मागे दिल्लीकडचं कुठलंसं फार्महाऊस. 2011 ची, 35 आय मॉडेल, 38 हजार किलोमीटर, दुसरा मालक, साडेसोळा लाख. आणि सगळ्यात खाली तुझा प्रश्न: ‘काका, आज 50 हजार टोकन दिलं तर ते गाडी दुसऱ्या कुणाला दाखवणार नाहीत. टाकू?’

नको टाकूस. फोनवर मी एवढंच म्हणालो आणि तुझा आवाज पडला, म्हणून हे लांबण लावतोय. पाऊस असा धरलाय की गॅरेजात सकाळपासून कुणी फिरकलेलं नाही. वेळ आहे.

स्पोर्ट्स कार घेऊच नकोस, असं सांगायला मी तुझा बाप नाही, आणि तो असता तर त्यानेही सांगितलं नसतं. त्याला इंजिनाचा आवाज कळायचा. खाणी जोरात होत्या तेव्हा त्याने पहिला टिपर घेतला. तोही सेकंडहँडच. उसगावला आम्ही दोघं गेलो होतो. पांढरा सदरा घालून आलेला हा माणूस सरळ लाल चिखलात उताणा झोपला आणि चॅसीच्या जोडावर बोट फिरवत राहिला. विकणारा म्हणाला, ‘अहो, मी सांगतो ना काही नाही म्हणून.’ तुझे बाबा खालूनच म्हणाले, ‘मग मला बघायला काय हरकत?’ जोडावर वेल्डिंग सापडलं. गाडी घेतली, पण भाव तुझ्या बाबांनी ठरवला.

हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं गं, फक्त ते जाहिरातीत लिहिलेलं नसतं. ही गाडी नवी असताना साठ-सत्तर लाखांच्या घरातली. आज ती साडेसोळाला मिळते, कारण गाडीची किंमत उतरते. तिच्या पंपाची, इंजेक्टरची, गिअरबॉक्सची उतरत नाही. हे भाग आजही साठ लाखांच्या गाडीचेच आहेत आणि बिलही तसंच येतं. तू हिशेब साडेसोळाचा मांडलायस, गाडी मात्र तिच्या जुन्याच ऐपतीने खाणार.

आता माझी फजिती ऐक. तू तेव्हा शाळेत होतीस. 2014 साली मीही अशीच एक गाडी फोटोवरून घेतली. कंपनीचं नाव काढत नाही, तिचा दोष नव्हता. दोन दारांची, छत मिटणारी, जर्मन. विकणारा उत्तरेकडचा, बोलायला लोण्यासारखा. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या उघडून बसलेला मी, पण त्या फोटोंपुढे माझी अक्कल चरायला गेली. नऊ लाख पाठवले. ट्रेलरवाल्याने गाडी बेळगावला उतरवली, घाटात ट्रेलर घालणार नाही म्हणाला. जूनचा दुसरा आठवडा. दार उघडलं तर आत अत्तराचा घमघमाट. मला वाटलं, वा, काय जपलीय गाडी! तिथेच वळून परत पाठवायला हवी होती. स्वच्छ गाडीला कुणी अत्तराने आंघोळ घालत नाही.

चोर्ला घाट उतरताना पाऊस लागला. छताच्या कडेला पाणी वाहून जाण्याच्या बारीक नळ्या असतात, त्या पाल्याने तुंबलेल्या. पाणी पायाशी आलं. केरीला पोचेपर्यंत डॅशबोर्डवर चवथीच्या मखराला करतात तशी रोषणाई झाली होती. साखळीला गाडी बंद. ओढून फोंड्याला आणली, सीट काढली, गालिचा उचलला. त्याखालचा फोम पिळला तर बादलीभर गढूळ पाणी निघालं. ते त्या दिवसाच्या पावसाचं नव्हतं. सीटच्या रुळांवर गंज, कंट्रोल युनिटच्या पिनांवर हिरवा थर, आणि वायरिंगच्या आत, जिथे हात पोचत नाही तिथे, वाळलेला बारीक गाळ. गाडी पुरात बुडून निघालेली होती. चौदा महिन्यांत चार लाख साठ हजार घातले, ते माझी मजुरी न धरता. शेवटी खरं काय ते सांगून पाच लाखांना काढली. आमच्या घरी त्या गाडीचा विषय निघाला की काकी अजूनही ताट जरा जोरात ठेवते.

पुरातल्या गाड्या मुळात येतात कुठून, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय. 26 जुलै 2005 ची मुंबई, डिसेंबर 2015 चं चेन्नई, ऑगस्ट 2018 चा केरळ, त्याच्या पुढच्या ऑगस्टमधले सांगली-कोल्हापूर. दर पुरानंतर हजारो गाड्या विम्याच्या दारात उभ्या राहतात. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा लिलावात विकते. लिलावात घेणारा त्याची भाजी तर करणार नाही. गाडी धुतली जाते, वाळते, पॉलिश होते आणि दोन-तीन राज्यं ओलांडून तुझ्या फोनवर येते.

हे फोटोत दिसत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला तर कधी त्याच्या मुळाशी पाण्याची रेघ दिसते. डिकीतला गालिचा उचलून नाक लावलं तर कळतं. सतरा फोटोंत एकही सीटबेल्टचा नाही, एकही गाडीच्या पोटाचा नाही. सूर्यास्ताचे मात्र चार आहेत.

भाव एवढा कमी का, हा प्रश्न तू विचारला नाहीस. दिल्लीच्या पट्ट्यात 15 वर्षांपुढच्या पेट्रोल आणि 10 वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने बंदी आणली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. नियम मध्येच ताणतो, मध्येच सैलावतो, पण तिथल्या मालकांनी धसका घेतला तो घेतलाच. म्हणून मुदत भरत आलेल्या गाड्या दक्षिणेकडे ढकलल्या जातात. तुझी गाडी 2011 ची, म्हणजे 2026 मध्ये तिच्या आरसीची, नोंदणीची, 15 वर्षं भरतात. मुदत संपल्यावर तिकडून एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायचा ना-हरकत दाखला, मिळवणं ही वेगळीच साडेसाती. नूतनीकरणाचं शुल्क साध्या गाडीला 5 हजार असलं तरी आयात केलेल्या गाडीला 2022 पासून 40 हजार आहे, आणि ही आयातच आहे. त्यावर गोव्याचा रस्ता कर नव्याने भरायचा. दिल्लीला भरलेल्याचा उरलासुरला परतावा मागत बसायचा. साडेसोळाचे अठरा तर इथेच झाले समज, अजून बॉनेट उघडलेलं नाही.

बॉनेटखाली आहे तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बोंचं, त्याला एन 54 म्हणतात. माझं मत विचारशील तर फार गोड इंजिन. 306 अश्वशक्ती, आणि खेचतं कसं, जणू कुणी मागून हात लावून ढकलतंय. पण त्याची दुखणी जगजाहीर आहेत. त्याच्या हाय-प्रेशर फ्युएल पंपासाठी 2010 मध्ये अमेरिकेत बीएमडब्ल्यूने सुमारे 1 लाख 30 हजार गाड्या परत बोलावल्या होत्या. इंजेक्टर गळतात. पाण्याचा पंप विजेवर चालतो, तो सूचना न देता बसतो आणि इंजिन तापतं. टर्बोच्या वेस्टगेट नावाच्या झडपेचा खुळखुळाट सुरू होतो. यातलं काय बदललंय याची बिलं असतील तर वय झालेली गाडीही घ्यावी. बिलं नसतील तर हे सगळं तुझ्या खिशातून बदलायचं आहे असं धर. विकणारा म्हणतो ‘एक रुपयाचं काम नाही’. एवढ्या जुन्या टर्बो गाडीला एक रुपयाचं काम निघालं नाही, याचा अर्थ कुणी केलंच नाही.

तो 38 हजारांचा आकडाही जरा बाजूला ठेव. मीटर मागे फिरवणारा मुलगा लॅपटॉप घेऊन घरपोच येतो. पण या गाडीच्या चावीतही किलोमीटर साठवलेले असतात, ते वाचता येतात, आणि गिअरबॉक्स, ब्रेक यांची वेगवेगळी युनिटं आपापली नोंद ठेवतात. सगळीकडे फिरवायला आळस होतो माणसाला. तुझ्या नवव्या फोटोत स्टेअरिंगचं लेदर दहाच्या काट्यापाशी गुळगुळीत झालंय आणि ब्रेकच्या पेडलचं रबर एका बाजूने झिजलंय. 38 हजारांत असं होत नाही. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. फोटो मोठा करून बघितला, 1617. म्हणजे 2017 च्या एप्रिलमधला टायर. वरून खोबणी छान दिसते, पण एवढं जुनं रबर दगड झालेलं असतं. चारही बदलायचे, पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे, पंक्चर होऊनही काही अंतर धावणारे, कारण या गाडीला स्टेपनीच नाही. कुडचड्याच्या रस्त्यावर रात्री अकराला टायर फाटला तर काय करशील, ते तूच ठरव.

विम्याची जुनी पॉलिसी माग. तिच्यावर नो क्लेम बोनसची टक्केवारी असते. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ती 50 असते. त्या माणसाकडे गाडी सहा वर्षं आहे म्हणतो आणि पॉलिसीवर शून्य किंवा 20 असेल, तर मध्ये काहीतरी झालंय आणि त्याने ते तुला सांगितलेलं नाही. ‘वाहन’ या सरकारी साइटवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, मालक कितवा, काळ्या यादीत नाव आहे का, एवढं आजच बघून घे. गाडी आयात म्हटली की कस्टम्सची कागदपत्रंही बघायची. भूतानमार्गे चोरून आणलेल्या महागड्या गाड्यांची कुजबूज बाजारात बरीच ऐकू येते, आणि जप्ती आली तर ती ज्याच्या दारात गाडी असेल त्याच्याकडे येते.

टोकन घेऊन पसार होणारे निराळेच. ‘सैन्यात आहे, बदली झालीय, गाडी लष्करी वाहतुकीने पाठवतो’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून दे. तुझा माणूस तसला वाटत नाही. तो बहुधा खरा विकणारा आहे, फक्त घाईत आहे. त्याची घाई तुला का लागावी?

मग इथलीच का घेऊ नये, असं म्हणशील. घे, पण किनारपट्टीवरची जपून. मोरजी-आश्वेला वाळूत गाड्या घालून व्हिडिओ काढणाऱ्यांच्या दोन गाड्या माझ्याकडे आल्या होत्या. खाऱ्या वाळूने ब्रेकच्या नळ्या अशा खाल्ल्या होत्या की पाना फिरवला की बोल्ट हातात. भाड्याने फिरलेली, मग काळी पाटी बदलून खासगी केलेलीही सापडेल. मला विचारशील तर पुणे, कोल्हापूर किंवा बेंगळुरूमधली, एकाच गॅरेजात कायम गेलेली, दोन-तीन लाख महाग पडली तरी चालेल. तिथे सकाळी निघून संध्याकाळी पोचता येतं, हे महत्त्वाचं.

आणि तुमच्या वाळपईच्या घराचा उतार विसरलीस? माझ्या साध्या गाडीचं पोट तिथे घासतं. ही तर जमिनीपासून जेमतेम दोन बोटं उंच. गेल्या वर्षी पंचायतीने घातलेले ते तीन गतिरोधकही आहेत. हा मुद्दा तू हसण्यावारी नेणार, माहीत आहे, पण जाऊन टेप लावून मोज.

हीच हवी असेल तर माझी ना नाही, पण बघून. विकणाऱ्याला आजच लिही: सकाळी गाडी पूर्ण थंड असताना, बॉनेटवर हात ठेवून, मग चावी फिरवून, न थांबवता तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठव. एक मागून धुराच्या नळकांड्याचा, एक छत उघडून मिटण्याचा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा धूर आणि गोडसर वास असेल तर कूलंट, पण वास व्हिडिओत येत नाही. म्हणून त्यानंतर आपण जायचं. मोपाहून दिल्लीला थेट विमान आहे, दोघांचं जाऊन-येऊन तिकीट त्या 50 हजारांच्या आत बसतं. स्कॅनर आणि रंगाची जाडी मोजायचं यंत्र माझं. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. दारावर तोच 600 आला तर खाली पुट्टी आहे, आणि ती का भरली ते त्याने सांगायचं. लिफ्ट असलेलं तिथलं एखादं गॅरेज एक तासासाठी मिळतं, मी बोलून ठेवतो. लिफ्टला तो नाही म्हणाला, तर आपण दिल्लीला छोले-भटुरे खाऊन परत येऊ.

घेतलीस तर पहिल्या वर्षासाठी चार लाख वेगळे ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. ते ठेवता येत नसतील तर आणखी एक वर्ष थांब. कंपनीत तुझा बोनस मार्चला होतो ना?

व्हिडिओ आले की मला पाठव, आवाज कमी न करता. पुढचा आठवडा मला चालेल, त्यानंतर नाही. चवथ जवळ आलीय, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या रानफळांच्या चौकटीला, कांगलां-नागूलकुड्यो शोधायला मला रानात जायचंय. यंदा काकीने आत्ताच यादी काढून दिलीय. आणि हो, तुझ्या बाबांचा जुना बॉटल जॅक अजून माझ्याकडेच आहे. विमानात नेऊ देणार नाहीत, नाहीतर तोच घेऊन गेलो असतो.

तुझा,
गॅरेजवाला काका