म्हाताऱ्या माणसांत रमणारी मुलगी आणि एमपीएससीचा क्लास

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगी एस.वाय.बी.ए.ला, विषय सायकॉलॉजी, आणि शनिवार-रविवार संध्याकाळी ती ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन बसते, कुणाला मोबाईल शिकव, कुणाचे फॉर्म भर. तिचे बाबा म्हणतात म्हाताऱ्यांची कामं करून पोट भरत नाही, त्यापेक्षा एमपीएससीचा क्लास लाव. आणि तुम्ही विचारलंय की निदान याचं सर्टिफिकेट तरी मिळेल का.

सर्टिफिकेटचं आधी सांगून टाकते. संघाचे सेक्रेटरी लेटरहेडवर लिहून देतील, पण त्या कागदाने फार काही होत नाही. कॉलेजात एनएसएस असेल तर तिथे वर्षाचे १२० तास भरावे लागतात, त्यात हे काम धरतील का हे प्रोग्रॅम ऑफिसरला विचारा, बस.

खरा प्रश्न वेगळाच आहे. ती घरी आल्यावर जेवताना काय सांगते? अमक्या आजी तेच तेच विचारतात, नाव विसरतात, असं सांगते का? की तमक्या आजोबांची पेन्शन अडकली आणि मुलगा लक्ष देत नाही म्हणून चिडलेली असते? मी तर याच्यावरूनच मुलं ओळखते, अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट ही त्यानंतरची गोष्ट.

म्हणजे बघा, नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. बोटांचे ठसे वयाने झिजलेले असतात, मशीन घेतच नाही, माझ्या सासऱ्यांचं बोट तीनदा नाकारलं आणि ते तिथेच म्हणाले मी जिवंत आहे हे तुला दिसत नाही का! आता सरकारच्या जीवन प्रमाणच्या अ‍ॅपवर चेहरा दाखवूनही होतं, पण ते घरबसल्या कोण करून देणार, तुमच्या मुलीसारखंच कुणीतरी. हे काम करताना ती आधार, बँक, पेन्शन ऑफिस, आणि मुख्य म्हणजे ऐकू कमी येणाऱ्या, घाबरलेल्या माणसाशी न वैतागता बोलणं शिकतेय. इंटरव्ह्यूत नुसतं "समाजसेवेची आवड" म्हणणारी शंभर पोरं येतात, "मी इतक्या जणांचे दाखले काढले, इथे इथे अडलं, मग असं केलं" म्हणणारी क्वचित. म्हणून तिला एक वही करायला सांगा, तारीख, काय काम, काय अडलं. नावं आणि खाते नंबर मात्र त्यात लिहायचे नाहीत. आणि एक कडक नियम, कुणाचा ओटीपी किंवा एटीएमचा पिन तिने विचारायचा नाही, आजोबांनी स्वतःच टाकायचा, कितीही वेळ लागू दे. उद्या पैशाचा घोळ झाला तर पहिलं बोट हिच्याकडे जाईल.

पुढचं म्हणाल तर फिजिओथेरपीचा रस्ता आर्ट्समुळे बंद, त्याला बारावीला बायोलॉजी लागते, ते डोक्यातून काढा. ती जेवताना आजींच्या विसरभोळेपणाबद्दल बोलत असेल तर सायकॉलॉजीतच पुढे जाऊ दे, पण क्लिनिकलला जायचं तर पुढे आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी लागते, साध्या एम.ए.वर भागत नाही, त्याची तयारी ठेवा. पेन्शन आणि घरच्या भांडणांबद्दल बोलत असेल तर एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं मास्टर्स, दोन वर्षांचं, कुठल्याही पदवीनंतर होतं. मुंबईत टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आहे, निर्मला निकेतन आहे, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था. पगार सुरुवातीला बेताचाच असतो, खोटं कशाला सांगू.

आणि बाबांना एक सांगा. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या कायद्याने मुलं सांभाळत नसतील तर आईवडील पोटगी मागू शकतात, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत, आणि त्या केसेस प्रांताधिकाऱ्यासमोर चालतात. प्रांत होतो कुठून, तर त्यांच्या लाडक्या एमपीएससीतूनच की! म्हणजे दोघांचं भांडण वाटतं तेवढं मोठं नाहीये. फक्त ते खुर्चीकडून बघतायत आणि ती खुर्चीसमोर बसलेल्या आजींकडून.

क्लासची फी लगेच भरू नका. टी.वाय.ला अजून वेळ आहे, आणि दाखल्यांचा नोव्हेंबर तोंडावर आलाय, संघात तिची वाट बघत असतील. नोव्हेंबर जाऊ दे, वही भरू दे, मग ती वही घेऊन तिघं मिळून या माझ्याकडे. बाबांना आणाच.